बेचाळीस वेळा ‘नाही’

पाचरवाडी, ८ जुलै २०२५

चि. संयोगितास हंबीरमामाचा भरपावसातला आशीर्वाद.

टॉवर शनिवारपासून बंद, म्हणून फोन मुका. ही चिठ्ठी दुधाच्या टेम्पोतून मलकापूरच्या स्टँडवर असणाऱ्या आपल्या विश्वजितकडे आणि तिथून एस.टी.नं तुझ्या सांगलीत. उत्तर त्याच वाटेनं धाड. प्राध्यापकीण झालीस तरी मामाला चार ओळी लिहायला हात दुखत नसावा.

म्हैस व्यायली, रेडी झाली. तुझी बनुमामी म्हणते, रेडीचं नाक थेट जोतीराम सुभेदारांवर गेलंय. हे तुझ्यामाझ्यात ठेव.

आता खरं बोलतो. स्वयंपाकघराचं दार आठ दिवस मिटत नाही. मामी सुताराला शिव्या घालते, पावसानं लाकूड फुगलं म्हणते. मी रंधा मारून घेतला, तर तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कोपऱ्यात अडकलं. लाकूड फुगलं नाही पोरी, चौकट तिरकी होतेय. चौथीत शाळा सोडून मी तीस वर्षं विहिरी पाडल्या, मग बोअरची गाडी घेतली. पुस्तकातलं कळत नाही, पण जमिनीच्या पोटातलं ऐकू येतं. काल परसातल्या बोअरच्या पाइपाला कान लावला. आत खडे घासत होते. पाणी असं वाजत नाही.

फौजेतून आल्यापासून वाडी सुभेदारांच्याच शब्दावर चालते, म्हणून त्यांना सांगितलं, तर त्यांनी समाजमंदिराच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं तुझा दोन वर्षांपूर्वीचा अहवाल प्लास्टिकमध्ये घालून टांगलाय. दरडीचा धोका कमी, खाली तुझी सही. म्हणाले, हंबीरराव, भाचीवर इस्वास न्हाई व्हय तुमचा? याचं उत्तर तूच सांग.

पाऊस उतरावा आणि तुझी माया चढती राहावी, एवढंच.

तुझा, हंबीरमामा


विश्रामबाग, सांगली, १० जुलै २०२५

तीर्थरूप मामांस संयोगिताचा वाकून नमस्कार.

पत्र वर्गाच्या दारात मिळालं. पर्यावरण आणि शाश्वत विकास शिकवत होते आणि उदाहरण म्हणून फळ्यावर आपल्याच वाडीचा नकाशा लावला होता. पत्र वाचलं आणि तास अर्ध्यावर सोडला.

मामा, उतार तेव्हाही वाईट होता आणि माती त्याहून वाईट. मी ते लिहिलं आहे. तरी निकाल ‘कमी’ आला तो सातव्या प्रश्नामुळे. ‘येथे पूर्वी भूस्खलन झाले आहे काय?’ माझ्या दोन विद्यार्थिनी घरोघर फिरल्या. बेचाळीस घरांनी ‘नाही’ सांगितलं. पूर्वी कधी घडलंच नाही म्हटल्यावर धोक्याचे गुण खाली आले. एकही घर ‘आठवत नाही’ म्हणालं नाही, याचा संशय मला तेव्हाच यायला हवा होता.

घरांच्या वरच्या रानात चीर पडली आहे का बघा. असेल तर दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून रोज अंतर मोजा. त्या रानाला जुनी माणसं काय म्हणतात तेही विचारा. आणि चीर रुंदावत असेल तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, खाली उतरा.

इकडे कृष्णेचं पाणी किती चढलं म्हणून आयर्विन पुलाकडे सगळ्यांचे डोळे लागलेत, माझं मन मात्र तुमच्या दारात अडकलंय. मामींना नमस्कार, तुमचा हात डोक्यावर असाच असू द्या.

आपली, संयोगिता


पाचरवाडी, १२ जुलै २०२५

चि. संयोगितास, धास्तावलेल्या मामाचे आशीर्वाद.

चीर आहे. नाचणीच्या रानात, या बांधापासून त्या बांधापर्यंत. काल सकाळी खुंट्यांत चार बोटांचं अंतर होतं, आज सात. झऱ्याला चहासारखं पाणी येतंय.

त्या रानाला आम्ही लोळण म्हणतो. मला वाटायचं, म्हशी लोळत असतील. मामीला विचारलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, म्हशी कशाला लोळतील वं, डोंगर लोळला हुता तिथं. तिच्या सासूच्या सासूच्या वेळी नऊ घरं खाली गेली. आपल्या वाडीखाली ती जुनी वाडी आहे. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक, आम्हा गड्यांनी कधी विचारलंच नाही.

मी विचारलं, मग त्या पोरींना नाही का सांगितलंस? तर काय म्हणाली असेल? भूस्खलन म्हणजे तिला भूसंपादन वाटलं! धरणाच्या वेळी तिच्या माहेरची जमीन सरकारनं घेतली, ते ती विसरलेली नाही. पोरी कागद घेऊन आल्या, भू काहीतरी म्हणाल्या, तेव्हा तिनं ठणकावलं, न्हाई, झालं न्हाई आणि हुबी ऱ्हाऊन हू देनार न्हाई. मग वाडीभर फिरून सगळ्यांना बजावून आली की नाहीच म्हणा.

सुभेदार अजून अहवालालाच चिकटून आहेत. लेखी ते लेखी, म्हणतात. त्यांच्या मागं तीस घरं आहेत. काहीतरी लौकर कर.

घाबरलेल्या माणसाची आठवण ठेव.

हंबीरमामा


सांगली, १४ जुलै २०२५

तीर्थरूप मामांस नमस्कार.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या. तहसील कचेरीला फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी मला माझाच अहवाल वाचून दाखवला, नम्रपणे.

चूक मामींची नाही. लोळली का, असं विचारलं असतं तर बेचाळीस घरांनी हो म्हटलं असतं. मी पुस्तकातला शब्द पाठवला आणि त्याचं उत्तर खरं मानून खाली सही केली. आता त्या सहीच्या भरवशावर माणसं झोपतात. सोबत दुसरा कागद आहे. अहवालावर चिकटवा आणि मोठ्यानं वाचा: “लोळण पुन्हा लोळणार आहे. माझा पहिला कागद चुकला. आजच्या आज घरं सोडा. संयोगिता.” सुभेदारांना लेखी हवं ना? हे लेखी आहे. त्याची एक प्रत कचेरीतही दिली आहे.

माया करायची तर खाली उतरून करा.

आपली, संयोगिता


खालची शाळा, १७ जुलै २०२५

चि. संयोगितास, ओल्या कपड्यांनिशी आशीर्वाद.

उतरलो. बेचाळीस घरं, म्हशींसकट. सुभेदारांनी तुझा कागद दोनदा वाचला, ऐटीत उभे राहिले आणि लाइनीत चला म्हणून ओरडू लागले, जणू हुकूम त्यांचाच. मामी शेवटी निघाली. दार मिटेना, म्हणून तसंच उघडं टाकून आली. तुला निरोप आहे की पुढच्या खेपेला माणसाच्या भाषेत इचार म्हणावं बाईला.

पण पोरी, दोन दिवस झाले, डोंगर जागेवर आहे. आज पाऊसही उघडला. माणसं कुरकुरतात. सुभेदार म्हणाले, डोंगर तुमच्या भाचीला भ्याला वाटतं. सोमवारी सगळे वर चढणार म्हणतात. मी वर जाऊन मोजलं, खुंट्यांतलं अंतर आज दोन हात झालंय, ते कुणी ऐकून घेत नाही. आता मी देवाजवळ काय मागू? लोळण आली तर घरं गेली. नाही आली तर तुझं पुन्हा कुणी ऐकणार नाही, आणि पुढच्या पावसात माणसं घरातच सापडतील.

हंबीरमामा


सांगली, १८ जुलै २०२५

तीर्थरूप मामांस नमस्कार.

न यावी, हेच मागा. मला खोटी म्हणू देत, वर्गात, कचेरीत, सुभेदारांच्या तोंडून, कुठेही.

पण पाऊस उघडला म्हणजे लोळण निजली असं नाही. आत मुरलेलं पाणी उशिरा ओढतं. मी रविवारी दुपारच्या एस.टी.नं निघते. सोमवारी पहाटेपासून वाडीच्या पायवाटेवर आडवी बसेन. ज्याला वर जायचं आहे त्यानं मला ओलांडून जावं. मामींना सांगा, माझ्या शेजारी बसायला यावं आणि लोळणीची गोष्ट त्यांच्या शब्दांत मोठ्यानं सांगावी. या वेळी मी एकही शब्द बदलणार नाही.

रविवारपर्यंत कुणाला चढू देऊ नका, मामा. तुम्हीही चढू नका.

आपली, संयोगिता