न थांबणारा संगणक आणि थांबलेली दुरुस्ती

व्याहीसाहेबांना दोन्ही हात जोडून नमस्कार.

आपली कंबर आता वाकू देते का? विहीणबाईंचा खोकला कमी झाला असेल. आमची लेक तुमच्या घरी सुखात आहे, तेव्हा पुढचं सगळं तक्रार म्हणून नव्हे, खुशाली म्हणून वाचावं.

आपल्या दुकानातला संगणक आमच्या बर्फाच्या कारखान्यात गारव्याची यंत्रं सांभाळत उत्तम चालू आहे. घोटाळा तोच आहे. त्यात वीज देणारे डबे दोन, एकानं मान टाकली तर दुसरा गाडा ओढतो, हे आपण समजावलंत आणि मला पटलं (आमच्या घरीही तीच व्यवस्था आहे, ओढतं कोण, ते विचारू नका). परवा त्याचा आवाज बदलला. मी बर्फाच्या लाद्या वाहत मोठा झालो, शिक्षण बेताचं, पण यंत्र कुरकुरलं की माझ्या कानाला आधी कळतं. डावा डबा गेला होता. आपल्या दुरुस्ती विभागाला फोन लावला. बाई म्हणाल्या, "काका, बंद पडलाय का?" म्हटलं, नाही. "मग तक्रार कसली?" म्हटलं, उरलेला डबा गेला तर ऐन उन्हाळ्यात माझ्या मालाचं पाणी होईल हो! तर म्हणे, "तो बंद पडतच नाही, काका."

म्हणजे बंद पडल्याशिवाय दुरुस्ती नाही, आणि बंद तर तो पडणारच नाही. मग दुरुस्तीची हमी दिलीत ती कशाची? निदान तक्रारीपुरता बंद पाडावा म्हणून (सौ. नको नको म्हणत असताना) एक वायर उपटली, ती नेमकी मेलेल्या डब्याची निघाली. मग मेन स्विच पाडला, तर पठ्ठ्या बॅटरीवर चालूच, वर शिट्ट्या मारायला लागला. कामगारांना वाटलं सुट्टी झाली. जेवणाचे डबे उचलून सगळे घरी गेले.

बाकी सर्व क्षेम. लेकीला यातलं काही सांगू नये.

आपला,
गोंधळलेला व्याही

ता. क. पत्र पाकिटात घालताना संगणक खरोखरच बंद पडला. आनंदानं फोन केला. त्याच बाई म्हणाल्या, "काका, एक डबा गेला तेव्हाच नाही का कळवायचं?"

ता. क. दुसरा. हे पत्र घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर नवे डबे पाठवावेत. घाई माझी नाही. असाच संगणक तुमच्याकडून घ्यायचा म्हणून दोन कारखानदार उद्या सकाळी आमचा बघायला येताहेत. मी त्यांना अजून यातलं काहीच सांगितलेलं नाही.