ब्रेकसंबंधी व्याह्यांना खुलासा

भुईगाव, ता. वसई, जि. ठाणे
२२ नोव्हेंबर १९९८

सन्माननीय व्याही श्री. एकनाथराव यांस विलासचा नमस्कार.

नाशिकला थंडी पडली असेल. आपला गुडघा आणि विहिणबाईंचा दमा दोन्ही ताब्यात असतील, अशी आशा करतो. इकडे ज्ञानदेची प्रकृती उत्तम आहे. (हे वाक्य कृपया दोनदा वाचावे.) फोनवर माझा आवाज आपल्याला मोठा वाटतो, म्हणून पत्र लिहितो.

ज्ञानदेचे बाळंतपण नाशिकलाच करू, असे आपण म्हणालात, तेव्हा पहिले बाळंतपण माहेरीच का, या विषयावर मी आपल्या दिवाणखान्यात उभा राहून बोललो. आपण एवढेच विचारलेत, ‘भुईगावाहून वसईच्या दवाखान्यात नेणार कशातून?’ मी छातीवर हात मारून म्हणालो, ‘माझ्या गाडीतून!’ तो शब्द गेल्या आठवड्यात धोक्यात आला. गाडीचे पुढचे ब्रेक किंचाळू लागले. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला आवळून धरणारे पॅड पार झिजले होते आणि लोखंडाला लोखंड लागून डिस्कवर नांगरट झाली होती. दुसरा कोणी गॅरेजमध्ये गेला असता. पण नवरात्रातल्या व्याख्यानात मी गर्जून सांगितले होते की, ज्या समाजाला स्वतःचे चाक उघडता येत नाही, त्याने स्वातंत्र्याच्या गोष्टी करू नयेत. आणि गॅरेजवाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. (उपहासाने वाजवत होता, असे सौ. लतिका म्हणते. टाळी आणि टाळी यांत फरक करायची मला सवय नाही.) आता त्याच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ?

वसईहून नवे पॅड, नव्या डिस्क आणि गाडीदुरुस्तीचे जाडजूड इंग्रजी पुस्तक आणले. अंगणात गाडी जॅकवर चढवली, खाली दगड सरकवले. चाकाचे नट आधी ढिले करायचे आणि मग गाडी उचलायची असते, हे मला गाडी उचलल्यावर कळले. पाना फिरवला की चाकही माझ्याबरोबर फिरे. खाऱ्या वाऱ्याने जाम झालेल्या बोल्टांशी मी असा कण्हत झगडलो की ओटीवरून ज्ञानदा म्हणाली, ‘बाबा, कळा मला यायच्यात की तुम्हाला?’

नव्या डिस्क काय चकाकत होत्या! त्यांच्यावरचा तेलकट थर पुसून टाकावा, असे पुस्तकात होते. पुसला. पण तो लेखक समुद्रकाठी राहत नसावा. आमच्याकडे कोयता असो, कुदळ असो की विहिरीची कप्पी, खोबरेलाचा हात फिरवल्याशिवाय लोखंड कोणी उघडे ठेवत नाही. चार दिवसांत गंजते. परक्या पुस्तकापुढे पिढ्यांचे शहाणपण का वाकावे? मी डिस्कना खोबरेल चोपडले, हाताला उरलेले पॅडना लावले आणि चाके चढवली.

‘चल ज्ञानदे, बाजारापर्यंत चक्कर मारू,’ मी म्हणालो. ती एक पाय आत टाकत होती, तेवढ्यात लतिकाने तिचा दंड धरून मागे ओढले. ‘आधी तुम्ही जाऊन या. धड परत आलात तर ती बसेल.’ एकनाथराव, त्या अविश्वासाचा मी तिथल्या तिथे निषेध केला. आता करत नाही.

आमची गल्ली आपण पाहिली आहे. दोन्हीकडे कुंपण, मध्ये गाडीपुरती वाट, आणि ती उतरते थेट बावखलाकडे. (बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधले तळे. खोल असते.) वळणापाशी ब्रेक दाबला. गाडी पुढेच. पुन्हा दाबला. पायाखाली पेडल घट्ट, पण चाके लोण्यावरून जावीत तशी चाललेली. समोर पाणी दिसू लागले. मी ओरडलो, ‘थांब!’ या आवाजाने भर सभेतल्या मारामाऱ्या थांबल्या आहेत. गाडी थांबली नाही. हँडब्रेक नावाची वस्तू अस्तित्वात आहे, हे मला आठवले नाही. शेजारची रिकामी सीट तेवढी दिसत होती आणि तिथे कोण बसणार होते, एवढेच डोक्यात होते. मी डोळे मिटून स्टिअरिंग फिरवले.

डोळे उघडले तेव्हा गाडी शेजारच्या रिटाबाईंच्या केळीत होती. एक चाक बांधावर, बांधापलीकडे पाणी. रिटाबाई कोयता घेऊन धावत आल्या. ‘अहो विलासभाऊ, मैदानं संपली काय भाषणाला?’ मागोमाग लतिका आली, वास घेत. चाकांतून धूर येत होता. ‘हे काय तळताय?’ मी पूर्वजांचे शहाणपण समजावू लागलो. पहिले वाक्य पुरे व्हायच्या आत ती म्हणाली, ‘अहो, घासून थांबवायच्या वस्तूला तेल लावलंत?’

डिस्क पेट्रोलने धुतल्या, तेल प्यालेले पॅड फेकून दुसरे बसवले. मोकळ्या मैदानात गाडी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली. थांबते. पण ज्ञानदा तिच्याकडे बघायला तयार नाही. तिने धर्माला, म्हणजे आमच्याकडची भाजी बाजारात नेणाऱ्या टेम्पोवाल्याला, सांगून ठेवले आहे. दारात बापाची गाडी उभी असताना माझी मुलगी पालेभाजीच्या टेम्पोतून बाळंतपणाला जाणार! असो. स्वावलंबनावरचा माझा विश्वास तसूभरही ढळलेला नाही.

आपला,
विलास

ता. क. : बाळंतपण होईपर्यंत आपली गाडी ड्रायव्हरसह इकडे पाठवता येईल का? ड्रायव्हर कमी वाचलेला असावा.

ता. क. २ : पत्र टाकायचे राहिले आणि आज दुपारीच कळा सुरू झाल्या. नात झाल्याची बातमी आमच्या जावयाने, सिद्धेशने, आपल्याला फोनवर दिली असेलच. मी राहिलेले सांगतो. टेम्पोत गादी घालून ज्ञानदा आणि लतिका पुढे गेल्या. मला माझी गाडी घेऊन मागून यायची परवानगी होती. (‘लांबून,’ लतिका म्हणाली.) वाटेत म्हैस आडवी आली आणि धर्माने करकचून ब्रेक मारला. माझ्यासमोर टेम्पोचा मागचा फाळका, फाळक्याआड माझी मुलगी. या वेळी ओरडलो नाही. पाय दाबला. गाडी थांबली. मध्ये वीतभर जागा उरली. मी स्टिअरिंगवर डोके टेकून रडलो, हे आपल्या मुलाला सांगू नये. फाळका धरून ज्ञानदेने घामेजलेला चेहरा वर काढला. ‘बाबा, घरी येताना मी तुमच्या गाडीतून येईन.’

ता. क. ३ : तरी आपली गाडी पाठवाच. ज्ञानदा माझ्या गाडीत बसेल, पण नातीला लतिका बसू देत नाही.