इंदूबाईंच्या घराचा चौकोन

११ एप्रिल १९८८

निवृत्तीनंतर आज पहिल्यांदा साडीला कांजी केली. नोकरी लागली! सीताबर्डीत घड्याळाच्या दुकानावर मनोहररावांचे कार्यालय: दोन खोल्या, एक कूलर, एक संगणक. शहराचे नकाशे पडद्यावर दाखवणारे तीन प्रोग्राम त्यांच्या परदेशातल्या मित्राने फ्लॉप्यांवर पाठवले आहेत, तेही फुकट. कोणता भरवशाचा, हे मी तपासायचे. नागपूरची माहिती आधीच भरलेली आहे. प्रोग्राम ती फक्त दाखवतो, बदलू शकत नाही, हे मनोहररावांनी मला दोनदा सांगितले. मी म्हटले, एकदा पुरे. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर दोनदा सांगत नसत.

दुपारपर्यंत मी फार खुशीत होते. मग इंदूबाई आल्या. माझ्याच शाळेत, माझ्यासारखाच भूगोल शिकवणाऱ्या. त्यांनाही नेमले आहे, आणि महिनाअखेर दोघींतली एकच कायम होणार आहे.

१३ एप्रिल

पहिला प्रोग्राम नापास. अंबाझरी तलाव उमटायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात कुणी पोहून परत येईल. दुसऱ्यात रस्त्यांची नावे एकमेकांवर चढून बसतात. तिसरा मात्र लख्ख आहे. मला हे कबूल करावे लागते याचा राग येतो, कारण तो आधी इंदूबाईंनी उघडला.

चहासुद्धा आधी त्यांनाच. चहा करणाऱ्या कांताबाईला विचारले तर म्हणते, त्यायले पह्यले देतो जी, त्या हासून बोलतात. मी हसण्यासाठी पगार घेत नाही.

१५ एप्रिल

तिसरा प्रोग्राम घरे दाखवतो. धरमपेठेत इंदूबाईंचे घर विहिरीसकट, व्हरांड्याच्या गोलाईसकट, जाईच्या मांडवासकट. धंतोलीत माझे घर: कोरा चौकोन. माझ्याही अंगणात लिंबाचे झाड आहे! मनोहरराव म्हणाले, जे भरले तेच दिसते. मग मांडव कुणी भरला, हे त्यांना ठाऊक नाही.

आता छापील नकाशा घेऊन प्रत्यक्ष जागेवर पडताळणी. इथला नियम असा की आपला मोहल्ला आपण तपासायचा नाही. स्वतःचे घर सगळ्यांना मोठेच दिसते. म्हणून धरमपेठ माझ्याकडे, धंतोली इंदूबाईंकडे.

१८ एप्रिल

धरमपेठेत घर सापडले. मांडव नकाशातल्यापेक्षा दाट. शेजारीण व्हरांड्यातून विचारते, तुम्ही इंदूबाईच्या मैत्रीण का जी, लय चांगल्या बाई आहेत. चार घरे ओलांडेपर्यंत तेच ऐकले. माझ्या निरोपसमारंभाला टाळ्या होत्या, त्यांच्या निरोपाला रडारड.

मी लाल पेन्सिलने त्यांच्या चौकोनावर फुली मारली. आमच्या कामात फुलीचा अर्थ, जागेवर आढळले नाही. त्यांचे तोंड एकदा पाहायचे, मग खोडून टाकायची.

१९ एप्रिल

मनोहरराव काटोलला. नकाशा अजून माझ्याच पिशवीत, कुणाला दाखवलेला नाही. संगणक सुरू केला. इंदूबाईंचा चौकोन पडद्यावर नव्हता. दोन्हीकडच्या घरांच्या भिंती एकमेकींना भिडल्या होत्या.

संध्याकाळी इंदूबाई कांताबाईला विचारत होत्या, मी कुठली बस धरते? कांताबाई हसली. काहून जी, घर विसरल्या का आता? त्या हसल्या नाहीत.

२० एप्रिल

धरमपेठ. भिंतीला भिंत. मधे बोट शिरणार नाही. त्याच शेजारणीने सांगितले, इथं कोनी इंदूबाई राहत नाही जी.

फुली खोडली. कागदाला भोक पडले. चौकोन परत आला नाही.

२१ एप्रिल

मनोहररावांना सांगितले, तिथे इंदूबाईंचे घर होते. ते स्वतः आले, पाहिले, आणि खूश झाले: पडदा आणि जागा तंतोतंत जुळतात! तिसरा प्रोग्राम पास. एवढे बारीक काम तुम्हीच करू जाणे, म्हणाले. धंतोली झाली की मी कायम.

इंदूबाई त्याच साडीत, जिन्यात बसून असतात. कांताबाई त्यांना डबा आणते, केस विंचरते. माझे केस कुणी कधी विंचरले? असे मनात आले, आजही आले, आणि मग माझीच मला भीती वाटली.

२२ एप्रिल

त्यांना म्हटले, माझ्याकडे राहायला चला. फाटकाचा रंग सांगितला, वळण सांगितले, लिंबाचे झाड सांगितले. त्या म्हणाल्या, उद्या धंतोलीत यायचेच आहे, जे दिसेल ते मांडीन. मग माझी लाल पेन्सिल मागितली.

मी दिली नाही. कांताबाईने शोधून दिली.

२३ एप्रिल

आल्या. खिडकीतून दिसतात. हातात नकाशा. फाटकासमोर उभ्या — फुलीची एक रेघ ओढली — नजर माझ्यावरून जाते, थांबत नाही.

हाक मारली. पुन्हा मारली.

शेजारच्या जिजाबाईंनी त्यांना सरबत दिले. मला इतक्या वर्षांत पाणी विचारले नाही — आत्ताही हेच सुचते —

इंदूबाई विचारताहेत, मधे कुणी राहते का. जिजाबाई म्हणतात, मधे कुठी जी, लागूनच तं घर आहे —

कपाट पलंगाला टेकले. मी ढकलले नाही. जिजाबाईंच्या कुकरची शिट्टी माझ्या खोलीत —

दार उघडले. दारात वीट.

खिडकी अजून आहे. अर्धी. त्या फुलीची दुसरी रेघ ओढताहेत. इंदूबाई, चूक माझी — मांडव होता, विहीर होती, मी पाहिली होती — वर बघा, इथे, मी इथेच रा