झरा, चौदा मैल

सोमवार, ११ ऑगस्ट, सकाळचे आठ
वाटेच्या तोंडाशी, नोंदवहीच्या पेटीजवळ

प्रिय पेलो,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे, तूही खुशाल असावास. नेहमीसारखं लिहिलं खरं, पण पेटीच्या झाकणावर कागद टेकवून लिहितेय, म्हणून अक्षर असं. हसू नकोस.

ही चिठ्ठी वहीतच ठेवतेय, कारण वाटेवरून परतणाऱ्याला बाहेर पडल्याची वेळ लिहायला इथंच यावं लागतं. बाबा थकले तेव्हापासून वाळवंटातल्या या जुन्या वाटेची राखण माझ्याकडे आहे. पगार नाही, एक टोपी तेवढी मिळाली. दर सोमवारी येऊन वही तपासते. आज उघडली तर शनिवारच्या पानावर तुझं नाव! सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. आत गेल्याची वेळ सकाळी सहा, माणसं एक, मुक्काम एक रात्र. बाहेर पडल्याचा रकाना कोरा. तुझी निळी गाडी इथंच उभी आहे, काचेवर बोटभर धूळ. म्हणजे तू कालच परतायला हवा होतास.

आधी वाटलं, रेंगाळला असेल. लहानपणीही जुन्या वॅगनगाड्यांच्या चाकोऱ्यांत पालथा पडून गंजके खिळे शोधत बसायचास आणि मी हाका मारून मारून घसा फोडायची. पण कारण लिहायच्या रकान्यात काय लिहिलंयस हे! "बाबांच्या झऱ्याचं पाणी प्यायला." हे वाचूनच आता फोन करायला उठतेय.

नऊ वाजले. फोन लागतो त्या टेकाडावर जाऊन शेरीफच्या कचेरीत कळवून आले. रॉयस म्हणून त्यांचा एक माणूस निघालाय. त्यानं विचारलं, "मायतेबाई, भावानं पाणी किती नेलंय?" मी म्हटलं, मला काय माहीत. खोटं बोलले रे. मला चांगलं माहीत आहे. चौदा मैलांना पुरेल तेवढंच घ्यायचं आणि झऱ्यावर रिकाम्या बाटलीनं पोचायचं, हेच बाबांनी शिकवलं ना आपल्याला? "भरल्या बाटलीनं गेलात तर झऱ्याचा अपमान, पोरांनो!" बाहेरचे लोक पाठीवर पाण्याचे डबे लादून निघाले की आपण दोघं खिदळायचो.

तू कुणाचं म्हणून ऐकत नाहीस, असं मी जन्मभर सगळ्यांना सांगत फिरले. या खेपेला बाबांचंही ऐकलं नसशील तर बरं होईल. देवाकडे तेवढंच मागतेय.

आता लपवून काय करू. झरा आटलाय, पेलो. तीन उन्हाळे झाले. दगडी हौदाच्या तळाला भेगा पडल्यात, मेंढ्यासुद्धा तिकडे फिरकत नाहीत. आणि इथल्या फळीवर अजून बाबांनी स्वतःच्या हातानं कोरलेलं आहे, "झरा, चौदा मैल. पाणी बारमाही." जमीन खात्यानं दोन वर्षांपूर्वीच नवी पत्र्याची पाटी पाठवली, "पाणी नाही" अशी. ती माझ्या गाडीत सीटमागे पडून आहे. दर वेळी हातोडी घेऊन उतरायची आणि बाबांची अक्षरं बघून माघारी फिरायची. भेटेल त्याला तोंडी सांगत होते, म्हटलं चाललंय ना. शनिवारी मी इथं नव्हते. तुला सांगायला कोणीच नव्हतं.

बाबांना पुरून आलो त्या दिवशी मी दारातच तुला विचारलं होतं, "शेवटपर्यंत त्यांची वाट मी राखली, तू त्यांचा कोण लागतोस?" तू तशीच गाडी काढून निघून गेलास. अशी राखली बघ मी वाट.

रॉयस आला. पोरगेलाच आहे. म्हणाला, "शोधायचं विमान दुपारी येईल. तुम्ही सावलीत बसा, या उन्हात म्हातारी माणसं नकोत."

"म्हातारी असेल तुझी आजी. पुढं चाकोऱ्या दोनदा फुटतात. कुठली धरायची, ठाऊक आहे का तुला?"

हातातला नकाशा घडी करून ठेवला. मग जीपचं दार उघडून म्हणाला, "टोपी घाला, बाई." नऊ मैल जीप जाते, पुढं पायी. गुडघे बोंबलतील, बोंबलू देत.

पाटी ठोकली. बाबांच्या अक्षरांवरच ठोकली, तेवढीच जागा होती. दुसरा खिळा मारताना रडू फुटलं आणि अंगठा ठेचला.

चुकामूक झाली आणि तू आधी इथं पोचलास तर पेटीखाली पाण्याचे दोन डबे आहेत, फडक्यात पाव आणि चोरिझो सॉसेज आहे. पाणी घोट घोट पी, ढोसू नकोस. गाडीच्या सावलीत बस आणि मला शोधायला परत आत जाऊ नकोस, गाढवा. एकदा तरी ताईचं ऐक.

वहीत तुझ्या नावाखाली माझं नाव लिहिलंय. आत गेल्याची वेळ दहा पन्नास. माणसं दोन, मी आणि रॉयस. कारण, भावाला आणायला. बाहेर पडल्याच्या रकान्यात वेळ कोरी ठेवलीय, पण माणसं आत्ताच लिहून टाकलीत. तीन. माझ्या वहीत मी खाडाखोड चालवून घेत नाही, तुला माहीत आहे.

निघाले रे.

तुझी ताई,
मायते