लेकाच्या गावात पेइंग गेस्ट

४ सप्टेंबर
चिरंजीव सहा वर्षांचा असतानाची एक दुपार आठवली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात फरशीवर बसून मटार सोलत होतो. तो दाणे खाऊन टरफलं परत टोपलीत टाकायचा. मी बघून न बघितल्यासारखं केलं. रात्री भाजीत नुसते बटाटे. एवढंच.
आज मी त्याच्याच शहरात आहे. साठीला टेकल्यावर बालशिक्षणाचा डिप्लोमा! लोक म्हणतात, मुलासाठी गेली. छे. शिक्षणासाठी. त्याचं घर बसने अर्ध्या तासावर आहे, हा योगायोग.

६ सप्टेंबर
होस्ट फॅमिलीकडे राहायचं, ही चिरंजीवांचीच आयडिया. आमच्याकडे राहिलीस तर घरकोंबडी होशील, म्हणाले. केवढा दूरचा विचार! शिवाय त्यांच्या जादा खोलीला रंग द्यायचाय. पहिली टर्म संपली की मी तिकडेच.
इथे नवरा बस चालवतो, बायको नर्स. माणसं बरी. पण फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा वेगळा! नवराबायकोत फ्रिजच्या वाटण्या! यांना माणसांत आणलं पाहिजे. संकल्प: महिन्याभरात सगळे एका टेबलावर.

२१ सप्टेंबर
चिरंजीव आज येणार होते. सूनबाईंना सर्दी. मीच जाते म्हटलं, तर रंगाच्या वासाने मला त्रास होईल, म्हणाले. आईची किती काळजी. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, नेव्हर कम्प्लेन. केली नाही.

५ ऑक्टोबर, रविवार, दुपारी
दोघं बाहेर गेलेत. ड्रायव्हरसाहेबांच्या कप्प्यात डबेच डबे, सोमवार, मंगळवार अशा चिठ्ठ्या लावलेले. म्हणजे गेल्या सोमवारपासूनचं शिळं! बिचारा. बायकोला ड्यूटीपुढे काही सुचत नसणार. सगळे डबे एका पातेल्यात ओतले, तिखट-मीठ घालून झकास रस्सा केला. फ्रिज लख्ख पुसला. आज एका टेबलावर बसतीलच.

संध्याकाळी
शिळं नव्हतं. तो रविवारी सकाळी पुढच्या आठवड्याचं शिजवून ठेवतो. डायबेटिस, म्हणून मोजूनमापून. मला कोणी सांगितलंय? नर्सबाई आवाज न चढवता म्हणाल्या, यापुढे आमच्या कशालाही हात लावू नका. साहेब कोरडा टोस्ट खाऊन उठले. रस्सा मी एकटीने खाल्ला. चांगला झाला होता.

९ ऑक्टोबर
महिनाअखेर खोली रिकामी करा, नर्सबाई म्हणाल्या. चिरंजीवांनाही फोन केला, तुमच्या आईला घरी घेऊन जा म्हणून.
खरं सांगायचं तर हायसं वाटलं. आता रंग वाळो न वाळो, आई काही रस्त्यावर राहणार नाही. बॅग भरली. संकल्प: सूनबाईंच्या स्वयंपाकघरात लुडबुड करायची नाही. विचारलं तरच बोलायचं. सकाळचा चहा मात्र तिला मी करून देईन.

१२ ऑक्टोबर
चिरंजीव आले. बूटसुद्धा काढले नाहीत, दारातच उभे. भरलेली बॅग बघितली आणि म्हणाले, “आई, दुसरी फॅमिली बघितलीय तुझ्यासाठी. यांच्यापेक्षा चांगली आहे.”
मी विचारलं, खोलीचा रंग झाला का? कसला रंग, म्हणाले. मग त्यांना आठवलं. हो हो, चाललंय.
नर्सबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

१५ ऑक्टोबर
परत जायचं ठरवलं. निर्णय सर्वस्वी माझा. इथली शिक्षणपद्धती मला पटलेली नाही. चिरंजीवांनी लगेच तिकीट काढून दिलं. तत्पर आहेत.
सामानाचं असं. इस्त्री वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला, चुरगळलेले कपडे घालून येते. पुस्तकं कॉलेजच्या लायब्ररीला. नवी छत्री नर्सबाईंना. लोकरीचे मोजे ड्रायव्हरसाहेबांना, पहाटेच्या फेरीला पाय गारठतात त्यांचे. जाड रजई चिरंजीवांसाठी आणली होती, अजून घडीही मोडलेली नाही. ती या खोलीतच राहू दे, पुढे जी कोणी येईल तिला. मुलाच्या घरी जागा नाही.