समुद्रदेवाचे पाय

राणीसावरगाव,
शनिवार

आदरणीय दाजी यांस,
आश्रुबाचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. आक्काचे गुडघे कसे आहेत? तुमची साखर उतरली का? (उतरली नसेल तर हे पत्र जेवण झाल्यावर वाचा.) तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितो आहे. शिवाय तुमची हयात तहसील कचेरीत गेली. कागदावर आलेली गोष्ट तुम्ही शेवटपर्यंत वाचता, हे मला ठाऊक आहे.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये जे झालं ते पप्पूसाहेबांच्या वडिलांकडून तुमच्या कानावर गेलं असेलच. ते अर्धंच आहे. बाकीचं अर्धं माझ्याकडून ऐका. संघप्रिया मुलगी तुमची असली तरी नोकरीमुळे राहते माझ्या घरी आणि शिकवते माझ्याच शाळेत. तिने उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं, की आता पोह्यांची बशी घेऊन कुणासमोर येणार नाही. तुम्ही तर तुमच्या मित्राच्या मुलाला, म्हणजे पप्पूसाहेबांना, बोलावून मोकळे झालेले. (त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं, परभणीत शिपायापासून सगळे त्यांना पप्पूसाहेबच म्हणतात.) मध्ये सापडला मामा. म्हणून मी डोकं चालवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

यंदा गॅदरिंगचा विषय होता परदेशातल्या गोष्टी. शिक्षक-पालकांच्या नाटुकल्यासाठी पार उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातला न्यॉर्ड नावाचा समुद्रदेव निघाला. समुद्र, वारा, होड्या आणि मासळी ही त्याच्याकडची खाती. तिकडे स्काडी नावाची डोंगरातली राक्षसकन्या होती. देवांनी तिच्या बापाला मारलं, म्हणून ती हत्यारं घेऊन जाब विचारायला आली. देव घाबरले आणि म्हणाले, भरपाई म्हणून आमच्यातला एक नवरा निवड, पण फक्त पाय बघून. तिला हवा होता बाल्डर, देखण्यात देखणा. तिने सगळ्यांत स्वच्छ पाय निवडले, ते निघाले वयस्क न्यॉर्डचे. (जन्म पाण्यात गेल्यावर पाय दुसरे कसे असणार?)

गोष्ट ऐकून मी हरखलो. बघण्याचा कार्यक्रम होईल, बशी लागणार नाही आणि मुलीला कळणारही नाही. संघप्रियाला स्काडी केलं, पप्पूसाहेबांना पाहुणे कलाकार म्हणून बोलावून बाल्डर केलं. शेवट तेवढा मी बदलला: स्काडीने रांगेतले तिसरे पाय निवडायचे, ते बाल्डरचे. न्यॉर्डचं काम धम्मपालला दिलं, कारण समुद्र त्यानेच आणला होता. (धम्मपाल म्हणजे आमच्या वस्तीतला बी.एस्सी. झालेला मुलगा, शेततळ्यात मासे पाळतो. तळ्याचं उरलेलं निळं प्लास्टिक आम्ही मंचावर अंथरलं. वास त्याच्यासोबतच आला.) वस्तीतल्या म्हाताऱ्या कस्तुराबाईंनी हरकत घेतली, की बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांनी देव कसं व्हायचं. त्यावर संघप्रिया म्हणाली, आजी, प्रतिज्ञेत देव पुजू नये असं आहे, देव होऊ नये असं कुठं हाय?

देवांपुढे धरायला चादर आमच्या मंडळींची, म्हणजे बबिताची. ती धुऊन धुऊन इतकी आटलेली, की पायांऐवजी गुडघ्यापर्यंतचे देव दिसायला लागले. बबिताने पप्पूसाहेबांच्या पायांना आग्रहाने खोबरेल चोपडलं होतं, त्यावर मैदानातली धूळ बसली. त्यात देवांचे मुख्य म्हणजे आमचे हेडमास्तर. त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी, कारण गोष्टीतला तो देव एकाक्ष. त्यांनी त्या बाजूला पाय टाकला तो बाल्डरच्या अंगठ्यावर. बाल्डर तिसऱ्या जागेवर एका पायावर उभा.

संघप्रिया रांगेपुढून चालत आली. तिसऱ्या पायांपाशी थांबलीच नाही. मी पडद्याआडून तीन बोटं दाखवली, मग कुजबुजलो, मग चांगलाच ओरडलो. ती शेवटच्या पायांपाशी उभी राहिली आणि माइकवरच म्हणाली, "मामा, गोष्टीत हाय तसंच करायलाय मी."

बायकांमधून कस्तुराबाई म्हणाल्या, "ते तर आपल्या धम्मपालचे पाय हायेत की."

सगळ्या बायका माना डोलवायला लागल्या. दाजी, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचा विहार लहान आहे. पुरुष पुढे, बायका मागे. वंदनेला पुढचे वाकले की मागच्यांसमोर काय येतं? इथल्या कुठल्याही बाईला अख्ख्या वस्तीचे पाय तोंडपाठ असतात. गावात एकच पाय अनोळखी होते, तिसरे, आणि ते मीच परभणीहून मागवले होते.

चादर खाली आली. धम्मपाल लाजेने पार समुद्रात बघत होता. पप्पूसाहेब मात्र सभ्य माणूस. त्यांनाही बापानेच पाठवलं होतं. अंगठ्याला हळद लावून घेत त्यांनी धम्मपालकडून शेततळ्याची सगळी माहिती घेतली आणि जाताना रोहू घेऊन गेले. तेव्हा त्यांच्यावर किंवा त्यांच्या वडिलांवर राग धरू नका. राग धरायचा तर माझ्यावर धरा, मला सवय आहे.

बबिता आक्काला आठवण सांगते. कळावे.

तुमचा मेहुणा,
आश्रुबा

ता.क. गोष्ट आपोआप निघाली असं वाटेल असं वर लिहिलं गेलं. ती संघप्रियानेच आणली होती. हे मला काल समजलं.

ता.क. २. तुम्ही चौकस आहात, पुढची गोष्ट शोधून काढाल. स्काडीला समुद्रावर पक्ष्यांच्या ओरडण्याने झोप येईना, न्यॉर्डला डोंगरात लांडग्यांमुळे. शेवटी दोघं वेगळे राहिले. मी हे संघप्रियाला दाखवलं. ती म्हणाली, तळ्यावर बगळे असतात, आणि बगळा ओरडत नाही. म्हणजे तिने तळं आधीच बघून ठेवलेलं आहे.

ता.क. ३. खरं म्हणजे एवढंच लिहायचं होतं. तिला धम्मपालशीच लग्न करायचं आहे, पण तुमच्या होकाराशिवाय करणार नाही म्हणते. मी विचारलं, पायात असं काय बघितलंस? ती म्हणाली, "भेगा हायेत, पण भेगांत चिखल न्हाई. माझे अप्पा कचेरीत साहेब व्हायच्या आधी त्यांचे पाय असेच होते. मी मेण लावायचे." तुम्ही फोन उचलत नाही तेव्हापासून तिचं जेवण कमी झालंय.

रविवारी विहारात या. मागे बसलात तर तुम्हाला त्याचे पाय दिसतील, पुढे बसलात तर तिला तुमचे. कुठेही बसा, पण या.