रात्री चोखणी कोण देतं?

ता. ३ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वहिनीने पाठवलेली झबली पोचली. ढब्बूला ती आत्ताच अंगाबरोबर बसतात, म्हणजे महिनाभरात शिवण उसवणार. चार महिन्यांचा गोळा, पण वजन बघून डॉक्टरीणबाई मलाच रागावल्या. याला कडेवर घेऊन पाच जिने चढू नका, म्हणाल्या. आमची लिफ्ट बघितलीस तर तू कपाळाला हात लावशील. जाळीचा सरकता दरवाजा आणि आमच्या मजल्यावरचा त्याचा खटका पार झिजलेला. गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडतोस, बहिणीच्या लिफ्टला तेवढा मुहूर्त नाही!

झोपेचं विचारलंस. पहिले तीन महिने झोप कशाशी खातात तेच विसरले होते. चोखणी तोंडात असली की साहेब गप्प, तोंडातून पडली की भोंगा. रात्रीतून आठ-दहा वेळा उठायचं, अंधारात चाचपून चोखणी शोधायची आणि धुऊन पुन्हा द्यायची. पण गेल्या आठवड्यापासून नवल झालंय. रात्री एक वाजल्यानंतर मला जागच येत नाही. सकाळी बघावं तर चोखणी तोंडात आणि लंगोटही बदललेला. हेच उठत असणार. विचारलं तर छे म्हणतात, आपण ओंडक्यासारखे झोपतो म्हणतात. करून वर नाकबूल! नवऱ्याचं कौतुक तुझ्याकडे नाही करायचं तर कुणाकडे? तरी सकाळी अंग असं मोडून येतं, की रात्रभर कुणी हमाली करून घेतली असावी.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर माया आहेच, थोडी भाच्यासाठीही बाजूला काढून ठेव.

तुझी
बयो

---

ता. ७ मार्च

चि. सौ. बयोस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून वहिनीने मला ऐकवलं, की बघा, शिका काहीतरी मेहुण्यांकडून. आमची दोन पोरं वाढली तेव्हा मी खरोखर ओंडका होतो.

एक विचारतो, सहज. मेहुणे उठतात हे तू डोळ्यांनी बघितलंस का? आणि झोपायची खोली जिन्याच्या बाजूला आहे की आतल्या? काही नाही, आपली चौकशी. दुपारी ढब्बू झोपला की तूही पडत जा. भांडी कुठे पळून जात नाहीत. झोप मोडू देऊ नकोस, हे अगदी मनापासून सांगतो.

त्या खटक्याचं मनावर घे. रखवालदाराला सांगून जाळीला साखळी घालून घे. लगेच.

आमचा जीव तुमच्यात गुंतलेला आहे, तेव्हा उत्तराला उशीर नको.

दादा

---

ता. १५ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझी सहज चौकशी वाचून मला हसू आलं, मग आलं नाही. हे पुलाच्या कामावर गेलेत. आता फक्त गुरुवारी घरी. सोमवारपासून मी आणि ढब्बू दोघंच. तरी मंगळवारी सकाळी चोखणी तोंडात! एवढंच नाही, दुसरी चोखणी पातेल्यात उकळून फडक्यावर उलटी वाळत घातलेली, मी घालते तश्शी. घरात एखादं कष्टाळू भूत आलंय, पगार न घेणारं. यांना गुरुवारी सांगितलं तर म्हणाले, तूच अर्धवट झोपेत करत असशील आणि विसरत असशील. तसंच असेल. बाळंतपणानंतर डोकं थाऱ्यावर नसतंच.

पण खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई माझ्यावर रुसल्यात. रात्री अडीचला म्हणे मी ढब्बूला घेऊन जिन्यात उभी होते, त्यांनी हाक मारली तर मी बघूनही उत्तर दिलं नाही. मी शपथेवर सांगितलं, की मी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. त्यांना वाटलं, मी त्यांना खोटं पाडतेय.

आणि काल रखवालदार वर आला, तर त्याच्या हातात आमची पिवळी चोखणी. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात सापडली. अरे, तिथे कशी जाईल? लिफ्टमध्ये पडली तर लिफ्टमध्येच राहील ना? तुझा धंदा हा, तूच सांग. तो आणि मी खूप हसलो. साखळीचं सांगितलंय, आणतो म्हणाला.

अंग फार दुखतं, दादा. मला सारखं रडू येतं. वहिनीला सांगू नकोस. मला विसरू नका, एवढंच मागते.

तुझी
बयो

---

ता. १८ मार्च

चि. सौ. बयोस अनेक उत्तम आशीर्वाद.

ते अंग दुखणं उष्णतेचं आहे. झोपताना पलंगाशेजारी, तू उतरतेस त्या बाजूला, गार पाण्याने भिजवलेलं पोतं अंथरून ठेव. हवा थंड राहते. हसू नकोस, कर. दाराला आतून कुलूप लाव आणि किल्ली अशा ठिकाणी टाक, की शोधताना भांडी खाली पडतील. हल्ली चोऱ्या फार होतात.

इथे इस्पितळाची लिफ्ट अडकली आहे, पेशंटांना उचलून न्यावं लागतंय, म्हणून पाय निघत नाही. शनिवारी सकाळी मी तुझ्या दारात आहे. चोखणीचं उत्तर तेव्हाच देईन.

शनिवारपर्यंत स्वतःला जप, माझं एवढं ऐक.

दादा

---

ता. १८ मार्च

रा. रा. मेहुणे यांस सप्रेम नमस्कार वि. वि.

गुरुवारी आपण घरी याल तेव्हा हे हाती पडेल अशा बेताने टाकतो आहे. वाचून फाडून टाका.

बयो लहानपणी झोपेत चालायची. नुसती चालायची नाही, कामं करायची. दप्तर भरायची, वेणी घालायची, विचारलं तर उत्तरही द्यायची, आणि सकाळी तिला काही आठवायचं नाही. आमचे वडील तिच्या खाटेशी ओलं पोतं टाकायचे, पाय गार पडला की ती जागी व्हायची. तिला सांगायचे, छप्पर गळतं. ती नऊ वर्षांची असताना तिने शेजारचं तान्हं बाळ पाळण्यातून उचललं आणि गच्चीच्या कठड्यावर नेऊन बसवलं. आई वेळेवर पोचली. त्यानंतर आईने आम्हा सगळ्यांकडून वचन घेतलं, की हे तिला कधीही कळता कामा नये. तेराव्या वर्षी थांबलं. डॉक्टर म्हणाले होते, की फार दिवस झोप मोडत राहिली तर पुन्हा उलटेल. लग्न ठरवताना आम्ही हे आपल्यापासून लपवलं. तो आमचा गुन्हा आहे. आपण काय म्हणाल ते ऐकून घेईन.

आता लिफ्टचं. चोखणीएवढी वस्तू त्या खड्ड्यात पडायला एकच वाट असते. लिफ्ट वरच्या मजल्यावर असताना तुमच्या मजल्यावरची झिजल्या खटक्याची जाळी उघडी हवी आणि माणूस अगदी काठाशी हवा. तिच्या कडेवर त्या वेळी ढब्बू होता, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बाहेरच्या दाराला कुलूप घाला, किल्ली स्वतःपाशी ठेवा, कामावर जाऊ नका. आणि तिला सांगू नका. भीतीने ती पोराला हात लावणार नाही.

आपला लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

आपला
मेहुणा

---

ता. २१ मार्च

दादा,

नमस्कार वगैरे नंतर. मास्तरीणबाईंचे भाऊ दुपारच्या गाडीने तिकडे येताहेत, ही चिठ्ठी संध्याकाळी तुझ्या हातात पडेल.

यांचं टपाल मीच फोडते, ऑफिसचं काही असलं तर निरोप धाडायला बरं, म्हणून त्यांनीच सांगितलंय. काल दोन्ही पाकिटं एकदम आली. आधी माझं वाचलं आणि तुझ्या उष्णतेवर हसले. मग त्यांचं वाचलं.

मला तुझा फार राग आलाय. आईचाही. सत्तावीस वर्षं तुम्ही सगळे मला ओळखत होता आणि मीच काय ती ओळखत नव्हते. छप्पर गळतं म्हणे! मी दर पावसाळ्यात त्या छपराला वाईट बोलत आले. आधीच सांगितलं असतंस तर या चार महिन्यांत मी कुणाला तरी सोबतीला बोलावलं असतं. पण भांडायला वेळ नाही.

यांना निरोप धाडलाय. पुलाचा शेवटचा गाळा बसवताहेत, आजची सुट्टी रद्द झाली. म्हणून काल दिवेलागणीला मी ढब्बूला घेऊन मास्तरीणबाईंकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. तुझं पत्रच वाचायला दिलं. त्या चांगल्या आहेत, माझ्या पाठीवरून हात फिरवला. ढब्बू रात्रभर त्यांच्याकडे राहील आणि उजाडेपर्यंत त्या कुणालाही त्याला देणार नाहीत, असं ठरलं. वर येऊन मी कुलूप लावलं, किल्ली तांदळाच्या डब्यात तळाशी घातली, डब्यावर सगळी पातेली रचली. पोतं अंथरलं. आणि खुर्चीत बसले.

सकाळी पलंगावर जाग आली. ढब्बू कुशीत होता, चोखणी तोंडात. पातेली ओळीने फळीवर लावलेली. पोत्यावर पायाचा ठसा नाही.

मी तशीच खाली धावले. मास्तरीणबाई म्हणाल्या, की मी दोन वाजता गेले होते. केस विंचरलेले, आवाज नेहमीचा. त्यांनी दोनदा विचारलं, की तुम्ही नक्की जाग्या आहात ना? तर मी म्हणे खळखळून हसले आणि म्हणाले, दादाचं काय मनावर घेता, त्याला लहानपणापासून घाबरायची सवय आहे, आणि ढब्बूची दुधाची वेळ झालीय. त्यांनी दिला. कुणीही दिला असता.

दोनपासून सहापर्यंत आम्ही कुठे होतो मला माहीत नाही. रखवालदार म्हणतो, लिफ्ट रात्रभर तळमजल्यावरच उभी होती. माझ्या दोन्ही तळहातांना काळं, चिकट काहीतरी लागलंय, साबणाने जात नाही. ढब्बूच्या झबल्याच्या पाठीवरही माझ्या तशाच काळ्या बोटांच्या खुणा आहेत. या कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून पाठवतेय. तुमच्या दोरखंडांना असतं ते वंगण हेच का, तू बघ.

साखळी अजून आलेली नाही. आज रात्री ढब्बूला ठेवाल का, म्हणून मास्तरीणबाईंना पुन्हा विचारलं. त्या रडल्या, पण नको म्हणाल्या. दारात उभी असलेली मी जागी की झोपेतली, हे त्यांना आता ओळखता येणार नाही म्हणाल्या.

शनिवारपर्यंत थांबू नकोस. इस्पितळाची लिफ्ट टाकून ये. राग आहे तसा लोभही आहे, पण तो नंतर बघू.

आज रात्री अजिबात डोळा लागू द्यायचा नाही, असं मी ठरवलंय. दादा, कालही खुर्चीत बसताना हेच ठरवलं होतं.

बयो